सिमेंटवरची होडी

उजनीच्या फुगवट्यापासून एसटीनं चार तास,
मग अक्कलकोट रोडपर्यंत रिक्षा.
एमआयडीसीत पाणी म्हणजे टँकर.
तिथं आम्ही होडी बघायला आलो.

शेडमध्ये टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या,
बिनपिसाऱ्याचा एक फायबरचा मोर,
आणि भिंतीकडेला दोन होड्या,
एक अठरा फुटी, एक बारा.
रेवणसिद्ध हत्तुरे म्हणाले, बसा की वो, चहा सांगतो.
मग ह्यांना हळूच म्हणाले, बाईंना कशाला आणलं एवढ्या उन्हात?

वल्हं मी मारते, हे ह्यांनी सांगितलं नाही.
मीही नाही.

हे थेट अठरा फुटीकडे.
खवलं उलटी घासावीत तसा काठावर हात फिरवला.
मागं मशीन बसतंय बघ, म्हणाले,
तिघं आरामात.

तिघं.

मी चपला काढून बारा फुटीत चढले.
जाळं ओढताना राहते तशी उभी राहिले,
सगळं वजन एका अंगावर.
सिमेंटवरची होडी काय कलणार,
पण पायांना कळतं.
हिच्यात दोन क्रेट चिलापी भरली
की पाणी काठाशी बोलायला येणार,
आणि वैशाखात दुपारचं वारं सुटलं
की आतच येणार.

मग अठरा फुटीत चढले.
ही लाटेला घाबरणार नाही. खरंय.
पण मे महिन्यात पाणी अर्धा मैल मागं सरतं,
मधे चिखल, गुडघाभर,
आणि त्यात जुन्या गावाच्या बाभळींचे खुंट,
ज्यांनी आमची पत्र्याची होडी दोनदा फाडली.
तेव्हा ही कोण ओढणार?
मी ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघितलं.
ह्यांनी मोराकडे बघितलं.

दीडच्या सुट्टीत गहिनी आला, टॉवेलच्या कारखान्यातून,
केसांत, भुवयांवर सुताचा भुगा,
ओळखू यायला क्षणभर लागला.
डबा माझ्या हातात दिला. अर्धी भाकरी ठेवलेली.
कुणी विचारायच्या आधीच
वाकून बूड बघितलं, बोटाच्या पेरानं ठोकत गेला,
कान लावून,
लहानपणी डेऱ्यातला जिवंत मरळ ऐकायचा तसा.

पंधरा घ्या, म्हणाला.
बूड सपाट, म्हणजे आईला उभं राहता येईल.
नाकाला मात्र चार बोटं उचल ठेवा.
लाट थोबाडीत मारती तिथं.

हत्तुरे म्हणाले, पोराला कळतंय.
हे काही बोलले नाहीत.
गहिनीनं घड्याळ बघितलं, दोनची पाळी,
आणि रस्त्यापलीकडे
पांढऱ्या धुरळ्यात गेला.

पंधराचा साचा आहे, तयार नाही, हत्तुरे म्हणाले.
तीन आठवडे. रंग कुठला?
हिरवा नको, मी म्हटलं, जलपर्णीत सापडायची नाही.
हसले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून लिहिलं: पिवळा.

आणि बसायच्या फळ्या? दोन की तीन?

पंखा फिरत होता.
चहावर साय धरली होती.
मी म्हटलं, दोन.
मधली जागा मोकळी पाहिजे, क्रेटला.

हे उठले. पुन्हा बसले.
मग पावतीपुस्तकाकडे बघत म्हणाले,
मधे खाचा तेवढ्या ठेवा, दोन्ही बाजूंना.
फळी अडकवायला.
लागली कधी तर.

हत्तुरेंनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं,
पेन झटकलं,
आणि सगळ्यात खाली लिहिलं:
खाचा, दोन नग.
पुढच्या रकान्यात
रेघ मारली.